पंचवीस वर्षांनंतरचे ‘ट्विन पीक्स’: गोंधळून न जाता कसे पाहावे

‘ट्विन पीक्स’ या अमेरिकन मालिकेचे तिसरे पर्व २१ मे २०१७ रोजी सुरू झाले, तेव्हा दुसरे पर्व संपून जवळजवळ सव्वीस वर्षे झाली होती. एवढ्या खंडानंतर एखादी मालिका परत येते तेव्हा जुने चेहरे, जुने संगीत आणि जुन्या गमती पुन्हा भेटतील आणि त्यांच्यासोबत आपणही थोडे मागे जाऊन येऊ, अशी प्रेक्षकाची साधी अपेक्षा असते. ‘द रिटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अठरा भागांनी ती अपेक्षा जाणूनबुजून पूर्ण केली नाही, आणि म्हणूनच अनेकांनी चौथ्या-पाचव्या भागातच मालिका सोडून दिली. माझ्या मते मात्र दूरचित्रवाणीवर आजवर झालेल्या सर्वांत मोठ्या कामांत तिची गणना व्हायला हवी. ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका मित्राकडे शनिवारी रात्री आमचा एक गट चित्रपट पाहायला जमतो. त्या गटाला ही मालिका दाखवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे मला शक्य तितक्या सोप्या शब्दांत इथे द्यायची आहेत. कथानक उघड केल्याशिवाय ते जमणार नाही. त्यामुळे खुनी कोण हे ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी जुनी दोन पर्वे पाहून मगच पुढे वाचावे.

मूळ मालिकेचे जनक दोन आहेत, दिग्दर्शक डेव्हिड लिंच आणि लेखक मार्क फ्रॉस्ट. लिंच मुळात चित्रकलेचे विद्यार्थी होते, तर फ्रॉस्ट पोलिसी मालिकांच्या लेखनात मुरलेले होते, आणि या दोन स्वभावांच्या ओढाताणीतून मालिकेची घडण झाली. एबीसी वाहिनीवर ८ एप्रिल १९९० रोजी पहिला भाग लागला आणि सुमारे साडेतीन कोटी अमेरिकनांनी तो पाहिला. कॅनडाच्या सीमेजवळ, वॉशिंग्टन राज्यात, उंच सूचिपर्णी जंगलाने वेढलेले एक काल्पनिक गाव आहे. गावात लाकूड कापण्याची गिरणी आहे, एक मोठा धबधबा आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. एके सकाळी पाण्याच्या काठावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एका शाळकरी मुलीचा मृतदेह सापडतो. ती लॉरा पामर, गावाची लाडकी मुलगी. तपासासाठी डेल कूपर नावाचा एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा, अधिकारी येतो. हा माणूस कॉफी आणि ‘चेरी पाय’ (चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ) यांचा मनापासून आस्वाद घेतो, प्रत्येकाशी अदबीने वागतो आणि पुराव्यांइतकाच स्वप्नांवरही विश्वास ठेवतो.

त्याच्या स्वप्नात लाल पडद्यांची एक खोली दिसते, आणि अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्नासारख्या, तर्कापलीकडच्या दृश्यांचा धागा इथून सुरू होतो. त्या खोलीतली माणसे बोलतात तेव्हा शब्द कळतात, पण ते कुठून तरी उलटे ओढून आणल्यासारखे ऐकू येतात. त्यामागची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. कलाकारांनी आपली वाक्ये ध्वनीनुसार उलटी पाठ केली, ती तशीच उलटी म्हटली, हालचालीही उलट्या क्रमाने केल्या, आणि मग ते चित्रीकरण उलट दिशेने चालवले गेले. दोनदा उलटल्यामुळे वाक्य सुलट होते, पण श्वासाची आणि स्नायूंची चाल उलटीच राहते. आपल्या कानाला अर्थ पोहोचतो आणि शरीराला मात्र काहीतरी बिनसल्याची खूण पटते. लिंच यांच्या शैलीचे मर्म या एका प्रसंगात सापडते: भीती दाखवण्यासाठी ते अंधार किंवा रक्त वापरण्याआधी ओळखीच्या गोष्टीची चाल जराशी बदलतात.

खुनी होते लॉराचे वडील लीलँड. त्यांच्या शरीरात बॉब नावाची एक दुष्ट शक्ती राहत होती, आणि ते वर्षानुवर्षे स्वतःच्या मुलीवर अत्याचार करत होते. बॉबचा जन्मही योगायोगाने झाला. फ्रँक सिल्व्हा हे चित्रीकरणाच्या जागेची मांडामांड करणारे कर्मचारी होते. एका दृश्यात त्यांचे प्रतिबिंब चुकून आरशात टिपले गेले, आणि लिंच यांनी ते काढून टाकण्याऐवजी त्यातूनच मालिकेतले सर्वांत भयंकर पात्र उभे केले. खुनी कोण हे इतक्या लवकर सांगण्याची निर्मात्यांची इच्छा नव्हती. वाहिनीच्या आग्रहामुळे १० नोव्हेंबर १९९० च्या भागात ते प्रेक्षकांना सांगावे लागले, त्यानंतर प्रेक्षक झपाट्याने घटले आणि १० जून १९९१ रोजी मालिका बंद झाली. सोन्याची अंडी देणारी कोंबडी आपल्याकडून मारवून घेतली, असे लिंच पुढे अनेकदा म्हणाले. हा इतिहास मी विस्ताराने सांगतो आहे, कारण तिसऱ्या पर्वातला प्रत्येक विचित्र निर्णय या जखमेशी जोडलेला आहे. उत्तर मिळताच मालिका मेली, हे लिंच आणि फ्रॉस्ट यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

१९९१ च्या शेवटच्या भागात कूपर त्या लाल खोलीत शिरतो आणि तिथेच अडकतो. बाहेर येतो तो त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा, ज्याच्यात बॉब वस्ती करून आहे. लॉरा त्या खोलीत कूपरला सांगते की आपण पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू. पुढच्याच वर्षी लिंच यांनी ‘फायर वॉक विथ मी’ हा चित्रपट केला. चाहत्यांना पुढची गोष्ट हवी होती, पण लिंच मागे गेले आणि लॉराच्या आयुष्याचे शेवटचे सात दिवस त्यांनी तिच्या बाजूने दाखवले. तेव्हा तो फारसा कोणाला आवडला नाही. आज पाहताना वाटते की मूळ मालिकेत जी मुलगी केवळ एक छायाचित्र होती, तिला इथे पहिल्यांदा आवाज मिळाला. तिसरे पर्व जितके मालिकेचे पुढचे पान आहे, तितकेच या चित्रपटाचेही आहे.

तिसऱ्या पर्वाची घोषणा २०१४ मध्ये झाली. २०१५ च्या एप्रिलमध्ये पैशांवरून मतभेद होऊन लिंच बाहेर पडले, महिन्याभरातच परतले, आणि आधी ठरलेल्या नऊ भागांचे अठरा भाग झाले. अठराही भाग त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले. दूरचित्रवाणीवर सहसा असे होत नाही, एकेक भाग वेगवेगळ्या दिग्दर्शकांकडे जातो. इथे संपूर्ण पटकथा आधी लिहून झाली, ती एका सलग चित्रपटासारखी चित्रित झाली आणि मग तिचे भाग पाडले गेले. म्हणूनच एखादा भाग कुठेही सुरू होतो आणि कुठेही थांबतो. त्यात ‘या आठवड्याचे प्रकरण’ असे काही नसते. ‘काये द्यु सिनेमा’ या फ्रेंच नियतकालिकाने २०१७ च्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत हिला पहिले स्थान दिले, तेव्हा मालिकेला चित्रपट म्हणावे का यावर बराच वाद झाला. मला त्या वादात फारसा रस नाही.

आता सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न: एवढे कूपर आहेत तरी किती? काइल मॅक्लाक्लन यांनी इथे मुख्यतः तीन माणसे उभी केली आहेत. पहिला खरा कूपर, जो पंचवीस वर्षे लाल खोलीत बसून आहे. दुसरा त्याचा दुष्ट जुळा, लांब केसांचा, काळ्या डोळ्यांचा, जो इतकी वर्षे बाहेर मोकाट फिरून गुन्हेगारीचे जाळे विणून बसला आहे. नियम असा की खरा बाहेर यायचा असेल तर दुष्टाने आत परत गेले पाहिजे. ते टाळण्यासाठी दुष्ट जुळ्याने आधीच एक तिसरी प्रतिकृती बनवून ठेवली आहे. ती म्हणजे लास व्हेगासमध्ये राहणारा, विमा कंपनीत काम करणारा, कर्जात बुडालेला डगी जोन्स. वेळ येते तेव्हा डगी आत ओढला जातो, आणि खरा कूपर विजेच्या सॉकेटमधून अक्षरशः धुरासारखा बाहेर पडून त्याच्या जागी येतो. पण येताना त्याचे भान मागेच राहते. त्याला बोलता येत नाही, समोरच्याचे शेवटचे दोन शब्द तेवढे तो पुन्हा म्हणतो, लघवीला जायचे हेही त्याला कोणीतरी सुचवावे लागते.

‘हा जागा कधी होणार?’ हा प्रश्न आमच्याकडे दर शनिवारी विचारला गेला, आणि शेवटी शेवटी त्यात खरोखरीची चीड होती. तो जागा होतो सोळाव्या भागात. म्हणजे ज्या नायकासाठी लोकांनी पाव शतक वाट पाहिली, त्याला लिंच यांनी तेरा-चौदा तास असा अर्धवट ठेवला. सुरुवातीला हा खोडसाळपणा वाटतो. पण डगीच्या अवतीभोवती काय घडते ते नीट पाहावे. एका सकाळी त्याच्यापुढे विम्याच्या दाव्यांच्या फायलींचा गठ्ठा ठेवलेला असतो. तो पेन्सिल घेतो आणि कागदांवर लहान मुलासारख्या शिड्या, जिने, रेघा आणि ठिपके काढत जातो, कारण कागदावर कुठेतरी त्याला प्रकाशाचा एक बारीक ठिपका सरकताना दिसतो. साहेब आधी चिडतात, मग पाने पुन्हा चाळतात, थांबतात, आणि त्या रेघांमधून त्यांना कळते की कार्यालयातलाच एक जण खोटे दावे मंजूर करून घेतो आहे. डगीला ठार मारायला वाळवंटात बोलावणारे दोन गुंड भाऊ त्याच्या हातातल्या खोक्यात चेरी पाय निघाल्यावर त्याच्या गळ्यात पडतात. त्याची बायको जेनी-ई, जिची भूमिका नेओमी वॉट्स यांनी जीव ओतून केली आहे, नवऱ्यावर पुन्हा प्रेम करू लागते. मुलाला बाप मिळतो. या माणसाजवळ बुद्धी नाही, भाषा नाही, उरला आहे तो फक्त निर्मळपणा, आणि जो त्याच्या संपर्कात येतो तो थोडा बरा होतो. पोलिसाच्या छातीवरचा चकाकता बिल्ला दिसला की डगीचा हात आपोआप त्याकडे जातो. आपण कोण होतो याची एवढीच खूण त्याच्यात शिल्लक आहे. हुशार, चटपटीत कूपरपेक्षा हा मुका कूपर मला अधिक हलवून गेला.

मालिका संथ का आहे, या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. सातव्या भागाच्या शेवटाकडे रोडहाऊस नावाच्या मद्यालयात एक माणूस बंद झाल्यानंतर फरशी झाडताना दिसतो. कॅमेरा एकाच जागी स्थिर आहे. जुन्या धाटणीचे एक ऑर्गनचे गाणे वाजते आहे, झाडू फरशीवर फिरतो, कचऱ्याचे छोटे ढीग होतात, माणूस मागे सरकतो, पुन्हा झाडतो. दोन मिनिटांहून अधिक काळ दुसरे काहीही घडत नाही. पहिल्या वीस सेकंदांत आपण काहीतरी घडण्याची वाट पाहतो, मग चुळबुळतो, आणि त्यानंतर कधीतरी आपण खरोखर झाडणे पाहू लागतो. कचरा कुठे गोळा होतो आहे, कोणता कोपरा राहिला आहे, हे डोळे टिपू लागतात. मालिका पाहण्याची रीत लिंच अशी शिकवतात. पहिल्याच भागात न्यूयॉर्कमधल्या एका खोलीत एक तरुण काचेच्या रिकाम्या पेटीकडे तासन्‌तास बघत बसलेला दाखवला आहे, कारण त्यात काही दिसते का हे पाहणे एवढीच त्याची नोकरी आहे. तो तरुण म्हणजे पडद्यासमोरचे आपणच आहोत, आणि त्याची नजर जिथे पेटीवरून हटते तिथेच अनर्थ घडतो.

आवाजाविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. या पर्वाची ध्वनिरचना लिंच यांनी स्वतः केली. जवळजवळ प्रत्येक दृश्याखाली विजेची एक अखंड घरघर आहे, कधी जाणवेल न जाणवेल अशी, कधी कान भरून टाकणारी. आमच्या गटात एक काका आहेत, ज्यांची सारी नोकरी वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर बनवण्यात गेली. त्यांनी हा आवाज लगेच ओळखला आणि त्यामागचे कारणही आम्हाला समजावून सांगितले. ट्रान्सफॉर्मरमधून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वाहतो तेव्हा आतल्या पोलादी गाभ्याचे पत्रे चुंबकीय बदलानुसार अतिसूक्ष्म प्रमाणात लांबतात आणि आखडतात, आणि हे प्रत्येक आवर्तनात दोनदा होते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर १०० कंपनांवर गुणगुणतो, आणि अमेरिकेत ६० आवर्तने असल्यामुळे तिथला आवाज १२० कंपनांचा असतो. वीज हे या मालिकेतले वाहन आहे. दुष्ट शक्ती विजेच्या तारांतून प्रवास करतात, कूपर सॉकेटमधून बाहेर येतो, आणि भानावर येतो तोही सॉकेटमध्ये काटा खुपसल्यावर. ज्या गोष्टीने घराघरात उजेड आणला तिच्यातूनच काहीतरी आत शिरले आहे, ही भावना त्या घरघरीमुळे सतत जागी राहते. म्हणून ही मालिका मोबाइलच्या स्पीकरवर पाहणे म्हणजे तिचा निम्मा भाग गमावणे आहे.

हे ‘काहीतरी’ कधी आत शिरले, हे आठव्या भागात सांगितले आहे. २५ जून २०१७ रोजी प्रसारित झालेल्या या तासाभराविषयी सर्वांत जास्त लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. भागाच्या मध्यावर पडदा कृष्णधवल होतो. १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिको, पहाटे ५ वाजून २९ मिनिटे. मानवाने केलेला पहिला अणुस्फोट. क्षितिजावर प्रकाश फुटतो, ढग वर चढतो, आणि कॅमेरा दुरून, अतिशय संथ गतीने त्या ढगाकडे सरकत सरकत त्याच्या आत शिरतो. सोबत पोलिश संगीतकार क्षिश्तॉफ पेंडेरेत्स्की यांची हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली रचना वाजते. ५२ तंतुवाद्ये एकाच वेळी किंचाळल्यासारखी ती आहे. ढगाच्या आत काही मिनिटे केवळ ठिणग्या, कण, आग, धूर. गोष्ट थांबते आणि चित्रकला सुरू होते. मग एक फिकट आकृती पोकळीत काहीतरी ओकते, आणि त्या ओकारीत एका गोळ्यावर बॉबचा चेहरा दिसतो.

बॉब अणुबॉम्बातून निर्माण झाला, असा याचा शब्दशः अर्थ घ्यायची गरज नाही. माझ्या समजुतीप्रमाणे लिंच आणि फ्रॉस्ट असे सांगत आहेत की पामरांच्या घरात बंद दाराआड जे घडले ते एका बापाच्या विकृतीपुरते मर्यादित नव्हते. एका संपूर्ण देशाने एका पहाटे एक दार उघडले आणि त्यातून आलेली हिंसा पुढे सुखवस्तू घरांच्या माजघरापर्यंत पोहोचली. याच भागात समुद्रातल्या उंच खडकावरच्या एका वाड्यात राहणारा उंच म्हातारा हे सारे पडद्यावर पाहतो, आणि त्याच्या मस्तकातून सोनेरी प्रकाश निघतो. त्यातून घडलेल्या गोळ्यात लॉराचा चेहरा आहे, आणि तो पृथ्वीकडे पाठवला जातो. लॉरा इथे केवळ बळी राहत नाही, दुष्टतेला दिलेले उत्तर म्हणून ती पाठवली जाते. पुढे १९५६ मध्ये वाळवंटातल्या अंड्यातून निघालेला बेडूक आणि पतंग यांच्या मधला एक जीव झोपलेल्या मुलीच्या तोंडात शिरतो. ती मुलगी पुढे लॉराची आई झाली, असे मार्क फ्रॉस्ट यांच्या नंतरच्या पुस्तकातून सूचित होते. ज्यांना धागे जुळवायला आवडतात त्यांना ही माहिती उपयोगी पडेल.

चौदाव्या भागात लिंच स्वतः पडद्यावर आहेत, एफबीआयचे कमी ऐकू येणारे अधिकारी गॉर्डन कोल यांच्या भूमिकेत. कोल आपल्या सहकाऱ्यांना एक स्वप्न सांगतात, ज्यात पॅरिसमधल्या एका कॅफेबाहेर एक स्त्री त्यांना एक प्राचीन वचन ऐकवते: आपण स्वप्न पाहणाऱ्यासारखे आहोत, जो स्वप्न रचतो आणि मग त्याच स्वप्नात राहतो. आणि ती विचारते की मग स्वप्न पाहणारा कोण? हे वचन मराठी वाचकाला परके वाटायला नको. लिंच १९७३ पासून महर्षी महेश योगींच्या पद्धतीने ध्यान करत होते, आणि २००६ मधल्या आपल्या चित्रपटाच्या खेळांआधी त्यांनी उपनिषदांचा उल्लेख करून कोळ्याचा आणि स्वप्नद्रष्ट्याचा हाच दृष्टान्त प्रेक्षकांना ऐकवला होता. आपल्यातूनच तंतू काढून त्यावरून चालणारा कोळी बृहदारण्यकात आहे, मुंडकातही आहे. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्था समजावतो: तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, पण तो पुरुष स्वतःच रथ, घोडे आणि रस्ते निर्माण करतो. आमच्या गटातल्या संस्कृत शिकवणाऱ्या एका ताईंनी हा उतारा मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा सतराव्या भागातला तो विचित्र क्षण एकदम उलगडला, जिथे चालू दृश्यावर कूपरचाच भलामोठा, निश्चल चेहरा अर्धपारदर्शक होऊन बराच वेळ तरंगत राहतो. रस्ता निर्माण करणारा आणि त्या रस्त्यावरून चालणारा, दोघे एकाच चौकटीत दिसतात.

या साऱ्या तत्त्वचिंतनाखाली एक साधी, मानवी गोष्ट आहे आणि ती म्हणजे वय. मेकअपने किंवा तंत्राने जवळजवळ कोणालाही तरुण केलेले नाही. लाकडाचा ओंडका कवेत घेऊन फिरणाऱ्या मार्गारेटची भूमिका करणाऱ्या कॅथरिन कॉलसन तेव्हा कर्करोगाने आजारी होत्या. त्यांची दृश्ये चित्रित झाली आणि काही दिवसांतच, सप्टेंबर २०१५ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नाकात प्राणवायूची नळी आहे, डोक्यावर केस जेमतेम उरले आहेत, आणि फोनवरून त्या गावातला पोलीस अधिकारी हॉक याला सांगतात की आपण आता जाणार. हे पाहताना पात्राचा निरोप कुठे संपतो आणि माणसाचा कुठे सुरू होतो हे वेगळे करता येत नाही. कूपरचा एफबीआयमधला सहकारी अल्बर्ट याची भूमिका करणारे मिगेल फेरर मालिका प्रसारित होण्यापूर्वीच, जानेवारी २०१७ मध्ये गेले. अभिनेते हॅरी डीन स्टँटन शेवटच्या भागानंतर दोन आठवड्यांच्या आत, वयाच्या ९१ व्या वर्षी गेले. संगीतकार अँजेलो बदालामेंटी २०२२ मध्ये आणि स्वतः लिंच जानेवारी २०२५ मध्ये. लॉराचा एकेकाळचा उनाड प्रियकर बॉबी आता पोलिसात आहे, केस पांढरे झाले आहेत, आणि टेबलावर लॉराचे शाळेतले छायाचित्र दिसताच तो उभ्या उभ्या रडू लागतो. पार्श्वभूमीला तिची ती जुनी धून. संपूर्ण पर्वात ती धून फार थोड्या वेळा वापरली आहे, आणि जिथे वापरली आहे तिथे ती गळ्याशी येते.

शेवटाकडे येऊ. सतराव्या भागात दुष्ट जुळा मारला जातो, बॉबचा नाश होतो, सगळे एका खोलीत जमतात. इथे थांबले असते तर मालिका गोड झाली असती. पण कूपरला एवढे पुरेसे नाही. तो काळात मागे जातो, २३ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री, लॉराचा खून होणार त्या जंगलात, आणि तिचा हात धरून तिला घराकडे नेऊ लागतो. मग १९९० मधले ते पहिलेच दृश्य पुन्हा दिसते, पण पाण्याच्या काठावर आता मृतदेह नाही. ज्याला तो सापडला होता तो पीट नेहमीप्रमाणे मासे धरायला निघून जातो. क्षणभर आपणही सुटकेचा श्वास घेतो. आणि त्याच क्षणी जंगलात कूपरच्या हातातून लॉराचा हात सुटतो, ती किंचाळते, दिसेनाशी होते.

अठराव्या भागात कूपर तिला शोधत दुसऱ्याच जगात पोहोचतो, जिथे त्याचे स्वतःचे नावही बदललेले आहे. टेक्सासमधल्या ओडेसा शहरात लॉरासारखी दिसणारी कॅरी पेज नावाची मध्यमवयीन स्त्री त्याला भेटते. शेरिल ली यांनीच ती साकारली आहे. तिला पामर हे नाव आठवत नाही. तो तिला गाडीत बसवून रात्रभर प्रवास करतो, जवळजवळ न बोलता, आणि पामरांच्या घरापाशी येतो. दार उघडते एक अनोळखी बाई. तिने हे घर दुसऱ्याच कोणाकडून घेतलेले असते आणि पामर कोण हे तिला ठाऊक नसते. ही भूमिका ज्या खऱ्या घरात चित्रीकरण झाले त्या घराच्या प्रत्यक्ष मालकिणीने केली आहे, आणि त्यामुळे त्या उंबरठ्यावर कथेचे जग आणि बाहेरचे जग समोरासमोर उभे राहतात. नौपाड्यातली किंवा पाचपाखाडीतली एखादी जुनी दुमजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि पंचवीस वर्षांनी परतलेला तिथला मुलगा त्याच पत्त्यावर जाऊन सुरक्षारक्षकाला जुन्या बिऱ्हाडकरूंची नावे विचारू लागला, तर त्याला जे वाटेल तेच कूपरच्या चेहऱ्यावर आहे. पत्ता बरोबर आहे, जागाही तीच आहे, पण ज्यासाठी आलो ते इथे नाही. तो रस्त्यावर येतो, गोंधळून विचारतो की हे साल कोणते आहे. आतून आईची एक अस्पष्ट हाक येते, कॅरी किंचाळते, घरातले दिवे फुटल्यासारखे विझतात, मालिका संपते.

या शेवटावर अनेक अर्थ लावले गेले आहेत. मला जो पटतो तो असा. कूपरला लॉराचा खून पुसायचा होता, पण खून पुसल्याने तिने घरात सोसलेले पुसले जात नाही. ती वर्षे तिच्या शरीरात आहेत, नाव बदलले तरी, गाव बदलले तरी. कूपरने तिला ‘घरी’ नेले, आणि तिच्यासाठी घर हीच सर्वांत भयंकर जागा होती, हे त्या उमद्या, सज्जन माणसाच्या लक्षातच आले नाही. ती किंकाळी म्हणजे आठवण परत येण्याचा क्षण आहे. चाहते म्हणून आपलीही मागणी कूपरसारखीच होती, सगळे पूर्वीसारखे व्हावे अशी. लिंच आणि फ्रॉस्ट यांनी ती मागणी शेवटपर्यंत नेऊन तिचा परिणाम दाखवला. संपूर्ण पर्वात खऱ्या अर्थाने घरी पोहोचतो तो फक्त एक जण, आणि तो कूपर नाही. जाण्याआधी कूपरने स्वतःच्या केसापासून जेनी-ई आणि मुलासाठी जी नवी प्रतिकृती बनवून घेतली, ती अठराव्या भागाच्या सुरुवातीला लाल दारापाशी येते, दोघांना मिठीत घेते आणि एकच शब्द बोलते: घर. मला हा सर्व अठरा तासांतला सर्वांत दयाळू क्षण वाटतो, आणि पहिल्यांदा पाहताना तो फार सहज निसटतो.

पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रम सोपा आहे. पहिली दोन पर्वे, त्यानंतर १९९२ चा चित्रपट, आणि मगच तिसरे पर्व. दुसऱ्या पर्वाच्या उत्तरार्धातले काही भाग खरोखरच कंटाळवाणे आहेत. ते भरभर पाहिले तरी चालेल, पण शेवटचा भाग मात्र पूर्ण आणि एकाग्रतेने पाहावा. चित्रपट वगळू नये. त्याशिवाय तिसऱ्या पर्वातली लॉरा कळत नाही. तिसऱ्या पर्वाचे एका बैठकीत एक किंवा दोनच भाग पाहावेत. प्रेक्षकांना ते जवळजवळ संपूर्ण उन्हाळाभर, साधारण आठवड्याला एक असे मिळाले होते आणि त्या मधल्या दिवसांत मनात जे मुरते त्याचा मोठा उपयोग होतो. आठवा भाग रात्री, दिवे मालवून आणि चांगल्या हेडफोनवर पाहावा. अर्थ उलगडून सांगणारे व्हिडिओ अठरावा भाग संपेपर्यंत बाजूला ठेवावेत. आमच्या गटात आता पुन्हा पहिल्या भागापासून पाहायचे ठरते आहे, आणि ज्यांनी मागच्या वेळी डगीला कंटाळून मध्येच येणे बंद केले होते, त्यांपैकीही काही जण येणार आहेत.